दादाचं खरं वजन

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकणं सध्या फक्त कागदावर. कंबर मंगळवारपासून धरलेली आहे, त्याचं कारण पुढे येईल.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे भाचीकडून कळलं, बरं वाटलं. इतक्यात वाचायचा ताण घेऊ नकोस, हे पत्र तिच्याकडूनच वाचून घे. फक्त जिथे तुझ्या भावजयीच्या वजनाचा आकडा येईल, तिथे तिला ते वाक्य मनातल्या मनात वाचायला सांग. तो आकडा घराबाहेर जाणार नाही असा शब्द मी दिलेला आहे.

आम्ही सगळे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर चार दिवस झाले तरी मी धक्क्यातून सावरलेलो नाही. जेवताना घास हातात तसाच राहतो आणि मी भिंतीकडे बघत बसतो. हिने दोनदा विचारलं, भिंतीवर काय आहे. भिंतीवर काही नाही. पण सहासष्टाव्या वर्षी एकाच सकाळी माणसाला दोन गोष्टी नव्याने कळल्या, आणि त्यातली एक तू साठ वर्षांपूर्वीच सांगितलेली असली, तर तो बघणार कुठे?

आधी तुझी माफी मागतो. तू अडतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंस आणि त्याआधी आमच्यावर हात बसवून घेतलास. स्वयंपाकघरातलं टेबल मधोमध ठेवून एका बाजूने मला आणि दुसऱ्या बाजूने दादाला ढकलायला लावायचीस. (मी सहाचा, तो दहाचा. टेबल अडून राहावं म्हणून तो मुद्दाम बेताचाच जोर लावायचा, हे मला फार उशिरा समजलं.) टेबल जागचं हलायचं नाही. तू म्हणायचीस, दोन्हीकडचा जोर सारखा, एकाने दुसऱ्याला खाऊन टाकलं, म्हणून टेबल जिथल्या तिथे. इथवर मला पटायचं. पण मग तू पुढचं सांगायचीस, की हेच टेबल आधीपासून सरकत असतं आणि मग सगळे जोर सारखे झाले असते, तर ते थांबलं नसतं. त्याच वेगाने, त्याच दिशेने सरकत राहिलं असतं. हे मी परीक्षेत लिहिलं, मार्कही घेतले, पण मनातून ती तुझी थापच आहे असं धरून चाललो. जोर सारखा झाला की वस्तू थांबणार, यात शिकवायचं काय, असं मला वाटायचं. मंगळवारी सकाळी सव्वादहा ते सव्वाअकरा या वेळात माझा हा समज आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये गळून पडला.

आता दादाविषयी. आम्ही दोघं चार वर्षं बोलत नाही हे तुला माहीत आहे, पण कारण माहीत नसणार, कारण तू विचारलंस की आम्ही दोघंही ‘तसं काही नाही’ म्हणतो. (एवढं एक वाक्य आम्ही एकमताने बोलत आलो.) तर ऐक. आई गेली तेव्हा वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर मी लिहिला. तो तिथे नेऊन द्यायचं काम दादाने घेतलं. तिथल्या टेबलावर मजकूर शेवटचा वाचताना ‘दुःखद’ या शब्दातला विसर्ग त्याला पेनातून उडालेले शाईचे दोन ठिपके वाटले, आणि त्याने ते नीट खोडले. ज्या माणसाने (म्हणजे मी) सदतीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढून पोट भरलं, त्याच्या आईच्या निधनाची बातमी चुकीची छापून आली. मी सगळ्या नातेवाइकांदेखत (तू नेमकी आदल्या दिवशी परत गेली होतीस) दादाला म्हणालो, की ज्याने जन्मभर पोस्टात बसून पाकिटांवर शिक्के मारले, त्याला अक्षराची काय किंमत. हे मी बोलायला नको होतं. दादा त्यावर काही बोलला नाही, आणि नंतरही काही बोलला नाही.

तेव्हापासून मी चौथ्या मजल्यावर आणि तो माझ्या डोक्यावर पाचव्या, आणि मधे एक स्लॅब. त्याच्या खुर्चीचा आवाज मला ऐकू येतो, माझा खोकला त्याला जात असणार. वहिनी गेल्यापासून तो एकटाच. लिफ्टचा आमचा अलिखित करार असा, की एकजण आत असला तर दुसरा खाली सूचनाफलक वाचत थांबतो. (फलकावर पाण्याची टाकी धुण्याची एकच सूचना दीड वर्षं आहे. आम्हा दोघांना ती तोंडपाठ आहे.)

मंगळवारी सकाळी मी आणि ही चष्म्याच्या दुकानातून परत आलो. लिफ्टमध्ये आधीच शिंपीमास्तर होते, म्हणजे तळमजल्यावर ज्यांचं दुकान आणि सहाव्यावर घर आहे ते. खांद्यावर पडद्याच्या कापडाचं गाठोडं, गळ्यात टेप. आम्ही आत शिरलो आणि मागून दादा आला. गुडघ्यापर्यंतचा जाड कोट, मफलर, वाढलेली दाढी, काखेत मोठं पाकीट. थंडी आहे, म्हणून मला काही वेगळं वाटलं नाही. तो शिरस्त्याप्रमाणे फलकाकडे वळला. पण मास्तरांनी दारात पाय घातला आणि म्हणाले, “या ना साहेब, जागा आहे की.” या माणसाने आमची दोघांची मापं तीस वर्षं घेतली आहेत, त्याला नाही म्हणता येत नाही. दादा आत आला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याच्या समोर आरसा होता, त्यामुळे पाठ करून काही उपयोग झाला नाही. आम्ही दोघांनी मग पायांकडे बघायला सुरुवात केली.

तिसरा मजला गेला, चौथा यायचा, आणि दिवे गेले. लिफ्ट एक गचका देऊन थांबली. कोपऱ्यातला छोटा पिवळा दिवा तेवढा लागला. (इथे मी घाबरलो असं ही सर्वांना सांगत सुटली आहे. मी घाबरलो नाही. मी फक्त भिंतीला टेकलो.) ही मात्र कमालीची शांत. तिने दिव्याखाली लिहिलेला नंबर वाचून फोन लावला आणि आवाज मोठा केला. नशीब असं, की लिफ्टचा मेकॅनिक महिन्याची तपासणी करून नुकताच गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत हात पुसत बसला होता. तो म्हणाला, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर गेलाय, वीज यायला दुपार होईल, पण घाबरू नका, मी हाताने ब्रेक सोडतो, लिफ्ट आपली आपण जवळच्या मजल्यावर येईल.

ती कशी येईल, हे त्याने इतकं सोपं करून सांगितलं की मला तुझीच आठवण झाली. दोराच्या एका टोकाला आपली केबिन आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी ठोकळ्यांची एक चौकट, जी भिंतीच्या पलीकडून खालीवर जात असते. लिफ्ट आठ माणसांची, म्हणजे पाचशे चव्वेचाळीस किलोंची. ठोकळ्यांचं वजन रिकामी केबिन अधिक या पाचशे चव्वेचाळीसच्या निम्मे, म्हणजे दोनशे बाहत्तर किलो, असं ठेवलेलं असतं. आत माणसं कमी असली तर ठोकळे खाली जातात आणि केबिन वर येते, जास्त असली तर उलट. ब्रेक सोडला की जी बाजू जड ती खाली. मग त्याने “सोडतोय” म्हटलं. वरून खट्ट असा आवाज आला. आम्ही सगळ्यांनी श्वास धरला, आणि काहीही झालं नाही.

त्याने पुन्हा सोडला. पुन्हा काही नाही. फोनवर तो जरा वेळ गप्प होता, आणि मेकॅनिक गप्प झाला की काय वाटतं हे लिहून सांगता येण्यासारखं नाही. मग त्याने विचारलं, आत किती जण, आणि प्रत्येकाचं वजन किती, खरं सांगा. वजनं मिळून दोनशे बाहत्तरच्या आसपास असतील, तर दोन्ही बाजू सारख्या झाल्या, म्हणून हलत नाही, बिघाड काही नाही. मी वरचं चाक हाताने फिरवून तुम्हाला आणतो. पण वजन तेवढं नसेल आणि तरी हलत नसेल, तर खाली काहीतरी अडकलंय. मग मी चाकाला हात लावणार नाही, दुसऱ्या गावाहून माणसं यावी लागतील, तीन-चार तास धरा. पाच-सहा किलोचा फरक घासण्यात जिरतो, त्यापेक्षा जास्त नाही.

तोवर दादा मास्तरांच्या गाठोड्यावर बसला होता. न विचारता. दादा असा कुणाच्या वस्तूवर बसणाऱ्यातला नाही, हे माझ्या लक्षात आलं, पण तेवढंच.

मास्तर म्हणाले, एकाहत्तर, गाठोडं धरून अठ्ठ्याहत्तर. मी सत्तर सांगितलं. हिने आधी मास्तरांकडे बघितलं (ज्यांच्या वहीत तिची सगळी मापं आहेत), मग छताकडे बघून अठ्ठावन्न सांगितलं. मास्तरांनी चेहरा इतका कोरा ठेवला की त्यांचा धंदा का चालतो हे मला कळलं. मग सगळे दादाकडे वळलो. तो म्हणाला, “चौऱ्याऐंशी.”

वर बेरीज झाली. “दोनशे नव्वद होतात,” मेकॅनिक म्हणाला. “मग तुम्ही कधीच खाली यायला हवे होतात. अठरा किलो जास्त आहेत. कुणीतरी खोटं बोलतंय, नाहीतर मी खोलीला कुलूप लावून चाललो माणसं बोलवायला.” मग म्हणाला, “काका, लोक वजन कमी करून सांगतात. जास्त सांगणारं कुणी मी अजून बघितलं नाही.”

ताई, मी हिच्याकडे बघितलं, हिने माझ्याकडे. आम्ही दोघांनीही कमीच करून सांगितलं होतं, म्हणजे खरा हिशेब लावला तर फरक आणखी वाढत होता. मास्तर टेपचं टोक बोटाला गुंडाळत होते. मग ते हळूच म्हणाले, “साहेब, मी सांगू का?”

“नको,” दादा म्हणाला.

“चार वेळा पँट आत घेतली यांची,” मास्तर त्याच्याकडे न बघता आम्हाला म्हणाले. “शेवटच्या वेळी मी म्हटलं, आता खिसे मागे भेटायला लागले, नवी शिवू. तर म्हणाले, आत घेण्याइतकं कापड आहे ना, मग घ्या आत.”

मग दादाने मफलर सोडला. ताई, तो मफलर मी चार महिने जिन्यात बघतोय. आत मान अशी नव्हतीच. कॉलरचं बटण लावलेलं होतं आणि कॉलर आणि गळा यांच्यामध्ये माझी मूठ गेली असती.

“पंचावन्न,” दादा म्हणाला. “आज सकाळी हॉस्पिटलच्या काट्यावर. बुटांसकट.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ज्या दादाने मला खांद्यावर बसवून पूर दाखवला, जो पोस्टाच्या पिशव्या दोन-दोन एकदम उचलायचा, तो पंचावन्न? हिने सहा महिन्यांपूर्वी मला सांगितलं होतं, की भाऊजींचा चेहरा उतरलेला दिसतो, वर जाऊन या. मी म्हणालो होतो, त्याचा चेहरा पहिल्यापासून तसाच आहे. लिफ्टमध्ये हिने त्याची आठवण करून दिली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मी विचारलं, “कधीपासून?” चार वर्षांनी दादाशी बोललेला हा माझा पहिला शब्द.

“झाले सात महिने,” तो म्हणाला. मग पाकिटावरून हात फिरवत म्हणाला, “आतड्यात गाठ आहे. काढता येते म्हणतात.” लाईट बिलाची तारीख सांगावी तसा.

“मग चौऱ्याऐंशी कशाला सांगितलंस?”

“पूर्वी होतं,” दादा म्हणाला. “तोंडात बसलंय.”

एवढ्यात फोनमधून मेकॅनिकने खाकरून सांगितलं, की त्याला वाईट वाटतं, पण आता बेरीज दोनशे एकसष्ट होते, म्हणजे अकरा कमी, म्हणजे आता तुम्ही वर यायला हवं होतं. तेव्हा अजून कुणीतरी नेहमीच्या पद्धतीचं खोटं बोललंय. मी लगेच शहात्तर कबूल केलं. एरवी मी त्यासाठी डॉक्टरशी वाद घातलेला आहे, पण त्या क्षणी सहा किलो काय, साठ मागितले असते तरी दिले असते. मग हिने डोळे मिटून त्रेसष्ट सांगितलं. (भाचीने इथे थांबावं.) वरून आवाज आला, “दोनशे बाहत्तर. बरोब्बर. मंडळी, इतका काटेकोर तोल मी कारखान्यातसुद्धा बघितला नाही. काही अडकलेलं नाही. आणतो तुम्हाला.”

आता तुझी थाप. मेकॅनिकने ब्रेक सोडला आणि चाकाला जोर दिला. केबिन थरथरली आणि गोगलगाईच्या चालीने वर निघाली. मला वाटलं बिचारा वर घामाघूम होऊन चाक ओढत असेल, म्हणून मी फोनमध्ये म्हटलं, दमला असाल तर थांबा. तो म्हणाला, “छे हो काका, जोर लागला तो सुरुवातीला. आता नुसता तळवा टेकवलाय, घासतंय त्यापुरता. ती चाललीय तिची ती. आता जोर लागणार तो थांबवायला.” म्हणजे बघ. इकडे आम्ही, तिकडे ठोकळे, दोन्ही सारखे. घासणं एका बाजूला, त्याचा तळवा दुसऱ्या बाजूला, तेही सारखे. सगळं सारखं, आणि लिफ्ट थांबलेली नाही. चालली आहे, त्याच चालीने, जराही कमीजास्त न होता. फटीतून भिंतीच्या विटा एकेक करून खाली जात होत्या. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. माझ्या पायांखाली साठ वर्षांची अक्कल सरकत होती.

तेवढ्यात गाठोड्यावरून दादा म्हणाला, “ताईचं टेबल.”

मी मान हलवली.

चौथ्या मजल्याला केबिन वीतभर खालीच थांबली. मास्तर आणि मी दादाला धरून वर घेतलं (तो इतका सहज वर आला की मीच तोल जाऊन मागे गेलो), मग मी गाठोडं ओढलं आणि कंबर गेली. मेकॅनिक जिन्याने धावत आला. पंचविशीचा असेल, कपाळावर ग्रीस. तो दादाच्या पाया पडेल की काय असं मला वाटलं, पण त्याने फक्त पाणी मागितलं. दादा सवयीने पाचव्या मजल्याच्या जिन्याकडे वळला. हिने त्याचा कोट मागून धरला आणि म्हणाली, “भाऊजी, आज इकडे.” तो आला.

ताई, मोठा धक्का पुढेच आहे. पाकिटात हॉस्पिटलचा फॉर्म होता. ऑपरेशनला जवळच्या नातेवाइकाची सही लागते, ती नाही म्हणून तारीख पाच आठवडे अडली होती. डॉक्टरांनी सांगितलं आहे की लवकर केलं तर माणूस हिंडायला-फिरायला लागतो, उशीर करण्यात अर्थ नाही. आणि हा पाच आठवडे तो कागद काखेत घेऊन माझ्या दारावरून जिन्याने ये-जा करत होता. मी फॉर्म उघडला. ‘जवळचा नातेवाईक’ या ओळीवर पेन्सिलीने, त्याच्या त्या पोस्टातल्या सुबक अक्षरात, माझं नाव आधीच लिहिलेलं होतं. आडनावासकट, पत्त्यासकट, पिनकोडसकट. फक्त सहीची जागा मोकळी. मी विचारलं, दार का नाही वाजवलंस. तो म्हणाला, दोनदा वाजवायला आलो होतो, आत तू कुणाला तरी व्याकरण समजावत होतास.

मी सही केली. ऑपरेशन येत्या गुरुवारी सकाळी आठला. दादा सध्या आमच्याकडेच, बाहेरच्या खोलीत. खातो चिमणीएवढं, पण खातो. तुझी प्रकृती जप, डोळ्याला पाणी लावू नकोस, भाचीला आणि जावयांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. तू यायची मुळीच तसदी घेऊ नकोस. आत्ताच तुझं ऑपरेशन झालंय, आम्ही दोघं समर्थ आहोत. गुरुवारचं सगळं मी ठरवून टाकलं आहे.

ता. क. दुसरा. मात्र एक विचारायचं होतं, आणि खरं म्हणजे त्यासाठीच पत्र लिहायला बसलो. दादाशी बोलायचं काय? चार दिवसांत आमचे थंडी, उशी आणि लिफ्ट हे तीन विषय संपले. त्यानंतर आम्ही समोरासमोर बसून एकच वर्तमानपत्र अर्धं-अर्धं वाचतो. तुला सुचतील तेवढे पाच-सात विषय कार्डावर लिहून पाठव. विज्ञान चालेल.

(खालचं अक्षर वेगळं आहे हे तू ओळखशीलच. पत्र पेटीत टाकायला त्याने माझ्याकडे दिलं, पाकीट उघडंच होतं. मी पोस्टातला माणूस, दुसऱ्याचं पत्र जन्मात वाचलं नाही, हे पहिलंच.)

ताई, लिफ्ट थांबली तेव्हा हा भिंतीला टेकला नव्हता. अंधार झाला तसा याने पहिल्यांदा माझा हात धरला आणि वीस मिनिटं सोडला नाही. ते त्याच्या लक्षातही नसेल. मीही सोडवून घेतला नाही. बाकी सगळं बरोबर लिहिलंय. गुरुवारी सकाळी आठ वाजता. मी घाबरलेलो नाही. तरी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचार, आणि ते हो म्हणाले तर बुधवारीच ये.